योजना उभी राहते, चालवायची कुणी?

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींची निवडणूक झाली. बहुतेक गावांत 2 डिसेंबरला मतदान झालं, काही ठिकाणी ते 20 डिसेंबरपर्यंत लांबलं आणि 21 तारखेला निकाल लागले. ओबीसी आरक्षणाच्या वादात या निवडणुका इतकी वर्षं अडकल्या होत्या की बऱ्याच गावांमध्ये प्रशासकाच्या सहीनेच कारभार चालू होता. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कालमर्यादा घालून दिली आणि गाडी रुळावर आली. आता सभागृहात पुन्हा माणसं बसली आहेत. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून आले आहेत. छोट्या शहरांच्या नागरी सेवांचा हिशेब मांडायला यापेक्षा योग्य वेळ नाही.

हिशेबाची सुरुवात एका गोष्टीपासून केली पाहिजे, कारण बाकीचं बरंचसं तिच्यातून निघतं. गेल्या वीस वर्षांत छोट्या शहरांना बांधकामासाठी पैसा मिळालाच नाही, असं म्हणता येणार नाही. 2005 मध्ये केंद्राने छोट्या आणि मध्यम शहरांसाठी पायाभूत सुविधांची योजना आणली, राज्याचं नगरोत्थान अभियान आलं, 2014 मध्ये स्वच्छ भारत आलं, 2015 ला अमृत आणि 2021 ला त्याचा दुसरा टप्पा आला. पहिल्या अमृतमध्ये मुख्यतः लाखावरच्या वस्तीची शहरं होती. दुसऱ्या टप्प्यात लहान गावांनाही पाणीयोजनांसाठी दार उघडलं. टाक्या बांधल्या गेल्या, जलवाहिन्या पडल्या, शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली. प्रत्येकाचं भूमिपूजन आणि लोकार्पण झालं. त्यानंतर मात्र ती योजना रोज चालवायची असते. दर महिन्याचं वीजबिल असतं, तुरटी आणि क्लोरीन लागतं, पंपाची मोटर जळते, व्हॉल्व्ह गळतो. या खर्चासाठी मुंबईहून किंवा दिल्लीहून सहसा कुणी वेगळे पैसे पाठवत नाही. तो नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून करायचा असतो, आणि छोट्या शहरात नेमकं तेच उत्पन्न आटलेलं आहे.

कायद्याचा सांगाडा आधी थोडक्यात पाहू. आपली नगरपालिका 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली चालते. लोकसंख्येनुसार अ, ब आणि क असे तीन वर्ग आहेत. एक लाखावरचं गाव अ वर्गात, चाळीस हजारांच्या आतलं क वर्गात. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत 18 विषय आले. कागदावर ही नगरपालिका म्हणजे स्वराज्य संस्था आहे. प्रत्यक्षात मुख्याधिकारी राज्याचा, अभियंता आणि लेखापाल राज्य संवर्गातले, मोठ्या पाणीयोजनेचा आराखडा बहुधा राज्याच्या जीवन प्राधिकरणाचा आणि विकास आराखड्याला अंतिम मंजुरी राज्य सरकारची. नगरसेवकाच्या हातात उरतं ते रोजचं चालवणं. म्हणूनच त्या चालवण्याकडे बारकाईनं पाहायला हवं.

सगळ्यात आधी पाणी, कारण पाण्याच्या कारभारावरून नगरपालिकेची बाकीची तब्येत कळते.

आपल्या बहुतेक छोट्या शहरांत पाणी 'सुटतं'. पालिकेचा माणूस सायकलवर किंवा दुचाकीवर येतो, त्याच्याकडे कमरेइतकी उंच लोखंडी चावी असते. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकण असतं, ते उचलून तो चावी आत घालतो आणि व्हॉल्व्ह फिरवतो. एका गल्लीचं पाणी चालू होतं, तेव्हा दुसऱ्या गल्लीचं बंद होतं. कुठल्या व्हॉल्व्हला किती फेरे द्यायचे, हे बहुतेक वेळा त्याच्या एकट्याच्या डोक्यात असतं. नकाशा कार्यालयात असलाच तर जुना. पाणी आलं की घराघरातून टुल्लू पंप सुरू होतात आणि थेट नळाच्या लाइनीतून पाणी ओढतात. ज्याची मोटर दांडगी त्याची टाकी भरते, चढावरच्या शेवटच्या घरात नुसती हवा येते. तास-दीड तासाने पाणी बंद होतं आणि लाइन रिकामी होते. रिकाम्या पाइपात दाब उरत नाही. उलट तो बाहेरचं आत ओढतो. शेजारून गटार जात असेल आणि सांधा फुटका असेल, तर दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी गढूळ येतं. शुद्धीकरण केंद्रातून पाणी कितीही चांगलं निघालं, तरी घरापर्यंत ते तसंच पोचेल याची हमी या पद्धतीत नसते. इचलकरंजीत 2012 मध्ये काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसं दगावली. ही कावीळ दूषित पाण्यातून पसरते. त्या शहराची नगरपालिका राज्यातल्या मोठ्या नगरपालिकांपैकी होती, वस्त्रोद्योगाचा पैसा गावात होता, तरी हे घडलं.

पाणी रोज येणं हेच जिथे स्वप्न आहे, अशी गावंही आहेत. मनमाड हे रेल्वेचं मोठं जंक्शन, पण त्या गावाला वर्षानुवर्षं वीस-वीस दिवसांनी पाणी मिळत आलं आहे. गावाला पाणी देणारं वागदर्डी धरण पालखेड कालव्याच्या आवर्तनावर भरायचं. आवर्तन लांबलं की गावाचं वेळापत्रक लांबायचं. अशा गावात प्रत्येक घर आपापली पाणीयोजना चालवतं: जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी, स्वयंपाकघरात पिंप. ज्याच्या घरात टाकीला जागा नाही, तो टँकरवाल्याला पैसे मोजतो. पालिकेची पाणीपट्टी कमी आहे म्हणून गरिबाला पाणी स्वस्त मिळतं, हा समज मनमाडसारख्या गावात टिकत नाही. करंजवण धरणातून थेट जलवाहिनी आणण्याची योजना अलीकडे मंजूर होऊन कामाला लागली, ही चांगली गोष्ट आहे. पण धरणातून आलेलं पाणी गावात वाटायचं कसं, हा प्रश्न त्यानंतरही उरणारच.

त्याचं उत्तर आपल्याच राज्यात, कराडला चिकटून असलेल्या मलकापूरने दिलेलं आहे. तीसेक हजार वस्तीचं हे गाव तेव्हा नुकतंच नगरपंचायत झालेलं. तिथे जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाणी देणारी योजना उभी राहिली आणि लोकप्रशासनातील उत्कृष्टतेसाठी दिला जाणारा पंतप्रधानांचा पुरस्कार तिला मिळाला. चोवीस तास पाणी म्हणजे जास्त पाणी, अशी आपली समजूत असते. मलकापूरचा अनुभव उलटा आहे. नळ केव्हाही सोडला की पाणी येतं, हे एकदा पटलं की कुणी साठवत नाही. ठरावीक वेळेच्या गावात काय होतं ते आपण सगळे जाणतो: ताजं पाणी आलं की कालचं 'शिळं' म्हणून मोरीत ओततात, आणि तोटी उघडीच राहते. मलकापुरात प्रत्येक नळाला मीटर बसलं, मीटरची नोंद आपोआप घेतली जाऊ लागली, आणि दर टप्प्याटप्प्याचा ठेवला. कमी वापरणाऱ्याला कमी, उधळणाऱ्याला चढत्या दराने. लाइनीत सतत दाब असल्यामुळे गटाराचं पाणी आत शिरत नाही आणि टुल्लू लावून शेजाऱ्याचं पाणी ओढण्याचं कारणही उरत नाही.

मग हे दुसरीकडे का झालं नाही? तंत्र अवघड आहे, असं कारण नेहमी पुढे केलं जातं. मला ते पटत नाही. जे तंत्र तीस हजारांच्या गावाला जमलं, ते साठ हजारांच्या गावालाही जमेल. अडचण मीटरची आहे, आणि मीटरमागे हिशेबाची. आज बहुतेक गावांत अर्ध्या इंची नळजोडाला वर्षाची ठरावीक पाणीपट्टी असते. पाणी किती वापरलं याचा तिच्याशी संबंध नसतो. मीटर बसवायचं म्हटलं की निवडणूक आठवते. विरोधक मोर्चा काढतात, सत्ताधारी माघार घेतात, आणि पुढच्या निवडणुकीत बाजू बदलून हेच पुन्हा घडतं. मीटर गरिबाच्या विरोधात आहे ही समजूत काढून टाकण्यात राजकीय पक्षांनी, आणि आम्ही लिहिणाऱ्यांनीही, कसूर केली आहे. टप्प्याच्या दरात गरिबाचं बिल कमी येतं. ज्याच्या अंगणात रोज गाडी धुतली जाते, त्याचं वाढतं.

कचऱ्याची गोष्ट थोडी आशेची आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. घंटागाडी आता गावोगाव फिरते. पण अनेक गावांत लोकांनी वेगळा करून दिलेला कचरा डेपोवर जाऊन पुन्हा एक होतो, आणि हे एकदा दिसलं की घरची बाई दोन डबे ठेवणं सोडून देते. तिचा दोष नाही. कचरा वेगळा करण्याचं काम घरापासून सुरू होतं, पण ते टिकतं की मोडतं हे डेपोवर ठरतं.

वेंगुर्ल्याने हे डेपोकडूनच सुरू केलं, म्हणून ते जमलं. बारा हजारांच्या आसपास वस्तीचं हे किनाऱ्यावरचं गाव. 2015 च्या सुमारास रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी म्हणून आले. आधी कचरा चार प्रकारांत वेगळा घेतला जाऊ लागला, मग डेपोवर त्याचे आणखी वीसेक प्रकार होऊ लागले. काच, पुठ्ठा, चपला, कापड, वेगवेगळ्या जातीचं प्लास्टिक. प्रत्येकाचा वेगळा ढीग आणि वेगळं गिऱ्हाईक. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात. जिथे नाक दाबून जावं लागायचं, त्या जागेवर झाडं लावली गेली आणि तिचं नाव पडलं स्वच्छ भारत पर्यटनस्थळ. बाहेरगावची माणसं कचरा डेपो बघायला येऊ लागली. यात परदेशी यंत्र नव्हतं, कोट्यवधींचा ठेकेदार नव्हता. रोज सकाळी ठरलेल्या वेळी गाडी येणं, मिसळलेला कचरा न उचलणं, आणि डेपोवरच्या कामगाराला नुसता उचलणारा न मानता त्याच्या हाताला वर्गीकरणाचं कसब देणं, एवढंच होतं. एवढंच करणं बाकीच्या बहुतेकांना जमलेलं नाही.

स्वच्छ सर्वेक्षणाच्या याद्या पाहिल्या तर एक लाखाच्या आतल्या शहरांत 2020 ला कराड, 2021 ला विटा, 2022 ला पाचगणी आणि 2023 ला सासवड देशात पहिली आली. लागोपाठ चार वर्षं महाराष्ट्रातली छोटी शहरं देशात अव्वल ठरणं ही अभिमानाचीच बाब आहे. पण ही चारही गावं सातारा, सांगली आणि पुणे या तीन जिल्ह्यांतली आहेत, हेही नजरेआड करू नये. मराठवाड्यातलं, विदर्भातलं एकही नाव त्यांत नाही. पावसाचा, पैशाचा, रस्त्यांचा फरक आहेच. माझ्या मते त्याहून मोठा फरक सातत्याचा आहे. कराडात पी. डी. पाटील चार दशकांहून अधिक काळ नगराध्यक्ष होते. एकाच माणसाने इतकी वर्षं खुर्चीवर असावं की नसावं यावर वाद होऊ शकतो, पण गावाच्या गटारीचा उतार कुठे आहे हे कराडच्या नगरपालिकेला माहीत होतं आणि ते पुढच्या माणसापर्यंत पोचत होतं. उलट दर दोन-तीन वर्षांनी मुख्याधिकारी बदलणाऱ्या गावात नवा साहेब आधीच्याची योजना बाजूला ठेवतो. कोकऱ्यांनी वेंगुर्ल्याआधी दापोलीत आणि नंतर कर्जतमध्येही हेच काम केलं. एक अधिकारी जिथे जाईल तिथे काम होतं, ही त्या अधिकाऱ्याची शाबासकी आहे. राज्याच्या व्यवस्थेने मात्र त्याची पद्धत राज्यातल्या सगळ्या छोट्या शहरांची नेमकी कार्यपद्धती का केली नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता पैशाकडे. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली. व्यापाऱ्यांची नाक्यावरची सतावणूक थांबली, ते योग्यच झालं. पण जकात हे रोज तिजोरीत पडणारं रोख उत्पन्न होतं आणि त्याच्या जागी आलं ते राज्याचं अनुदान. त्या दिवसापासून छोटं शहर पगारासाठी मंत्रालयाच्या तोंडाकडे बघू लागलं. उरला मालमत्ता कर. त्याची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने व्हायला हवी. निवडणूक जवळ आली की ती पुढे ढकलली जाते, आणि मग एकदम वाढ आली की गाव पेटतं. नवी बांधकामं, वाढीव मजले, दुकानात बदललेल्या घरांच्या पुढच्या खोल्या या सगळ्यांची नोंद जुन्याच रजिस्टरात राहते. दिवाबत्तीचं बिल थकतं, महावितरण जोड तोडतं, आणि दोन दिवस रस्ते अंधारात जातात. सफाई कामगार कायम पदांवरून कंत्राटावर ढकलले गेले. त्यांचा पगार ठेकेदाराच्या मर्जीवर आला. रस्त्यांबद्दल फार लिहीत नाही. भुयारी गटारासाठी नवा डांबरी रस्ता खोदणं ही तक्रार प्रत्येक वाचकाची स्वतःची आहे.

या सगळ्यात लोकांनी काय करावं? लोकसहभाग हा शब्द आज प्रत्येक योजनेच्या पत्रकात असतो. त्याचा सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे एका दिवसाचं श्रमदान किंवा पावसाळ्याच्या तोंडावरचं वृक्षारोपण. त्यातून माणसं एकत्र येतात, हे खरं. पण मे महिन्यात त्या रोपांना पाणी घालणारा ठरलेला नसेल तर पुढच्या जूनला त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं लागतात. मला महत्त्वाचे वाटतात ते दुसऱ्या दोन प्रकारचे प्रयत्न.

एक, नगरपालिकेच्या पाठीशी उभं राहून तिच्या ताकदीबाहेरचं काम करणं. जालन्याने घाणेवाडीच्या तलावात ते करून दाखवलं. निजामाच्या काळातला हा तलाव गावाला उताराने पाणी देणारा; पंपाचं वीजबिल नाही. पण गाळाने तो भरत गेला होता. 2012-13 च्या दुष्काळाच्या आगेमागे गावातल्या लोकांनी, व्यापारी-उद्योजकांनी वर्गणी काढून गाळ उपसायला घेतला. शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या शेतात नेला, त्यामुळे वाहतुकीचा खर्चही वाटला गेला. शासनाचा आदेश येण्याची वाट कुणी पाहिली नाही.

दुसरा प्रकार पाळत ठेवण्याचा, आणि त्यासाठी चिपळूणकडे पाहावं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचं पाणी गावात शिरलं. 26 जुलै 2005 चा पूर लोकांच्या डोळ्यांसमोर होताच, पण या वेळचं पाणी त्याहून भयंकर होतं. बाजारपेठ बुडाली, कोविड रुग्णालयातले रुग्ण दगावले. 1864 मध्ये स्थापन झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दोन्ही पुरांत बुडालं. हजारो पुस्तकं चिखलात गेली. जानेवारी 2013 चं साहित्य संमेलन ज्या संस्थेने आपल्या गावात आणलं होतं, तिचा हा ठेवा होता. पाणी ओसरल्यावर मदत आली, नेते आले, पाहणी झाली. एरवी इथेच प्रकरण संपलं असतं. चिपळूणकरांनी ते संपू दिलं नाही. नदीच्या पात्रात वर्षानुवर्षांचा गाळ आहे, बेटं तयार झाली आहेत, तो काढा, ही मुख्य मागणी घेऊन चिपळूण बचाव समितीने डिसेंबर 2021 मध्ये प्रांत कार्यालयासमोर साखळी उपोषण सुरू केलं. व्यापारी, वकील, डॉक्टर, गृहिणी पाळीपाळीने बसले. त्यानंतर शासनाने निधी दिला, जलसंपदा विभागाची यंत्रं पात्रात उतरली, नाम फाउंडेशन ही संस्थाही आली. किती गाळ निघाला, कुठे टाकला, निळी पूररेषा कुठून जाते, यावर गावातली माणसं आकडे घेऊन बोलू लागली. पूररेषेवरून अभियंत्याशी वाद घालणारा किराणा दुकानदार, हे दृश्य मला कुठल्याही उद्घाटनापेक्षा मोलाचं वाटतं. आणि वाचनालयही पुन्हा उभं राहिलं, लोकांनी दिलेल्या पुस्तकांवर.  

या दोन उदाहरणांबाबत एक सावधगिरीही हवी. लोकांनी गाळ उपसला म्हणून जलसंपदा विभागाची जबाबदारी संपत नाही, आणि संस्थेने बाग सांभाळली म्हणून पालिकेने माळ्याचं पद रद्द करायचं नसतं. अलीकडे 'दत्तक' देण्याची जी टूम निघाली आहे, चौक दत्तक, उद्यान दत्तक, दुभाजक दत्तक, तिच्यात दत्तक घेणाऱ्याच्या नावाची पाटी राहते आणि झाडं वाळतात. असा करार करताना मुदत, पाण्याची सोय आणि करार मोडल्यास पुढे काय, हे लिहून घेतलेलं नसेल तर तो करूच नये.

पाळत ठेवण्याची साधनं आपल्याकडे आहेत, आपण ती वापरत नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क झाला आहे. मुदत टळली तर अपील करता येतं. माहितीचा अधिकार आहेच. आणि दर फेब्रुवारीत नगरपालिकेचं अंदाजपत्रक सभागृहात येतं, अनेक ठिकाणी चर्चेशिवाय मंजूर होतं.

तेव्हा निवडून आलेल्या मंडळींकडे हार घेऊन जाऊन झालं असेल, तर येत्या अंदाजपत्रकापूर्वी आपल्या प्रभागातल्या दहा-पंधरा जणांनी मिळून माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पाणीयोजना चालवायला वर्षाला एकूण किती खर्च येतो आणि पाणीपट्टीतून त्यातले किती वसूल होतात? गेली चतुर्थ वार्षिक कर आकारणी कोणत्या वर्षी झाली? गावातून रोज गोळा होणाऱ्या कचऱ्यापैकी किती टन वेगळा होऊन डेपोच्या बाहेर जातो? उत्तर आलं नाही तर पहिलं अपील तीस दिवसांनी करता येतं.